एकतर्फी सुतक

सोमवारी दुपारी मंगलानं वंशवृक्षाचा खर्डा भाच्याच्या, रोहितच्या हातात दिला आणि हात झटकले. आता रविवारच्या लग्नापर्यंत आपल्याला कुणी छळणार नाही, अशी तिची समजूत झाली. त्या आठवड्यात तिच्या ज्या समजुती खोट्या ठरल्या, त्यांतली ही पहिली.

वृक्षाची हौस शंकरअण्णाची. कोप्पीकर रोडवरच्या खटावकर वस्त्रभांडाराचा हा मालक मंगलाचा थोरला भाऊ. पोरीच्या लग्नात मांडवाच्या दाराशी, नवरानवरीच्या फोटोशेजारी, घराण्याचा वृक्ष भल्यामोठ्या फ्लेक्सवर झळकावा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पुण्याच्या व्याह्यांना कळायला हवं, आपण कुठले कोण. आणि घरात वंशावळ्या जुळवणारी बहीण असताना बाहेर कुणाला विचारायचं? विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून मंगला हेच तर करत होती. लग्न तिनं केलं नव्हतं, त्यामुळं स्वतःचं सोडून साऱ्या गावाचं गोत्र तिला पाठ झालं होतं, असं वहिनी म्हणायची. प्रेमानंच म्हणायची, बहुतेक.

वृक्षाच्या मधोमध आजोबा दत्तात्रेय होते. खटावहून कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन हुबळीत आले ते. त्यांच्या बाजूला एक आखूड फांदी होती, धाकट्या भावाची. तिच्यावर लिहिलं होतं, 'अप्पाजी, बालपणीच वारले.' परक्याच्या घरात शिरल्यावर मंगला शब्दाशब्दाला पुरावा मागायची. स्वतःच्या घरात मात्र आईनं सांगितलेलं तिला पुरलं होतं.

मंगळवारी ती नेहमीसारखी कमरीपेठेत गेली. तिथल्या देवळाच्या हॉलमध्ये दर मंगळवारी म्हाताऱ्या बायका जमत आणि मंगला त्यांना पेपर वाचून दाखवी. सेवा म्हणून जात असली तरी तिचा एक डोळा आपल्या कामावर असे. वाचन संपलं की ती एकेकीला विचारायची, "तुम्ही सुतक कुणाकुणाचं धरता?" पणज्याचं नाव विचारलं तर म्हातारी माणसं छताकडं बघतात. सुतक कुणाचं, ते मात्र चटकन सांगतात, कारण कुणी गेलं की दहा दिवस देवाला दिवा नाही, घरात गोडधोड नाही, हे त्यांनी अंगावर काढलेलं असतं. भाऊबंदकी अशीच धरता येते, हे मंगलाला कामातून कळलेलं होतं.

त्या दिवशी कोपऱ्यातल्या अंबूताईची पाळी आली. पंच्याऐंशीच्या घरातली, काटक बाई. आजवर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"आमचं सुतक होय?" ती म्हणाली. "आमच्या भावकीचं. आणि कोप्पीकर रोडच्या खटावकरांचं."

मंगलाला आधी हसूच आलं. "अंबूताई, कोप्पीकर रोडचे खटावकर म्हणजे आम्हीच की."

"ठाऊक आहे. तू शंकरची धाकटी. वर्षभर बघालोय, कधी विचारतीस त्याची वाट."

"पण आमचं सुतक तुम्ही का धरता?"

"अप्पाजी माझे सासरे."

"आमचे अप्पाजी तर लहानपणीच..."

"तसं सांगितलं असंल तुम्हाला." अंबूताईनं पदर नीट केला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच मंगलाला कुठं बघावं ते कळेना. "सासऱ्यांनी विधवेशी पाट लावला. तुझे आजोबा म्हणाले, आजपासून तुमचं सुतक आम्हाला नाही. सासरे म्हणाले, तुमचं आम्हाला आहे. झालं. तेव्हापासून धरतोय. अवेळी दुकानाचं शटर खाली दिसलं की चौकशी करायची, कोण गेलं म्हणून."

"दादांचं पण धरलंत? माझ्या वडलांचं?"

"धरलं की. त्या आठवड्यात आमच्या रेश्माचं लग्न होतं. पुढं ढकललं. पाहुणे म्हणाले, अपशकून झाला. पोरानं दुसरीकडं केलं." मग तिनं शेजारणीला विचारलं, "चहा आला का गं?"

मंगला त्या दिवशी कशी घरी आली ते तिचं तिला ठाऊक. लॅमिंग्टन रोडला उतरायचं ते सोडून ती पुढंच गेली आणि मागं चालत आली. वीस वर्षांमागं दादा गेले, तेव्हा दुकान बंद होतं, सगळा बाजार दारात लोटला होता, आणि कमरीपेठेत एका पोरीचं लग्न त्याच पायी मोडत होतं. हे खरं असेल तर फार वाईट होतं. खोटं असेल तर म्हातारीनं असं का सांगावं? एका नावाची दोन माणसं असतात, वंशावळ्यांत तर ढिगानं. पण 'तू शंकरची धाकटी' हे काही नावावरून निघत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं अण्णाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, आजोबांचा तो भाऊ, अप्पाजी, कशानं गेला रे?"

"देवी आल्या," शंकरअण्णा म्हणाला. तो अक्षतांच्या पिशव्या बघत होता आणि त्यानं मान वर केली नाही.

बुधवारी धारवाडला तिचा तबल्याचा वर्ग असे. निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, हिनं तबला धरला. घरात त्याची यथेच्छ टिंगल झाली होती, आणि टिंगल करणारे अगदीच चुकत होते असं नाही. त्या दिवशी तर हात कुठं आणि सम कुठं, काही मेळ राहिला नाही. गुरुजी दोनदा थांबले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "मंगलाताई, आज घरी जावा तुम्ही." परतताना हुबळीच्या चिगरी बसमध्ये रोहितचा फोन आला. फ्लेक्सवाला तगादा लावत होता.

"थांब जरा," मंगला म्हणाली. "अप्पाजींचं बघायचंय मला."

"आत्या, ते लहानपणीच गेलेत. त्यांचं आता काय बघणार तू?"

"'बालपणीच वारले' एवढं काढ."

"मग तिथं काय लिहू?"

"काही लिहू नको."

"अगं, मोकळं कसं दिसंल ते? लोक विचारतील."

कागद एकही नव्हता, साक्षीदार एकच, आणि ती साक्षीदार बाई पुढच्या मंगळवारी भेटणार होती. तोवर लग्न पार पडेल, मग सावकाश बघू, असं तिनं ठरवलं. ही त्या आठवड्यातली दुसरी खोटी समजूत.

गुरुवारी सकाळी घरात कुरड्या-पापड तळणं चालू होतं. नवरीच्या, वैशालीच्या हातात हिरव्या बांगड्या चढल्या होत्या आणि ती त्या किणकिणवत घरभर फिरत होती. मंगलाचा फोन वाजला. पलीकडची बाई कन्नडमध्ये सुरू झाली आणि मग मराठीवर आली.

"मी रेश्मा बोलते, कमरीपेठेतून. आई गेली. पहाटे, झोपेतच. तुम्हाला तेवढं कळव म्हणाली होती."

सुतक कळल्यापासून लागतं. हे ज्ञान मंगलानं कितीतरी लोकांना फुकट वाटलं होतं. आता ते तिच्याच कानातून आत शिरलं होतं आणि बाहेर काढायची सोय नव्हती. ती कुणाला न सांगता निघाली.

रेश्माचं घर म्हणजे पुढं शिलाईचं दुकान आणि मागं दोन खोल्या. शेजारीपाजारी जमले होते, नातलग मात्र मोजकेच. रेश्मा पन्नाशीकडं झुकलेली, आईसारखीच काटक. तिनं मंगलाला ओळखलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही आलात, बरं वाटलं. घरी सांगू नका हं. तुमच्याकडं लग्न आहे म्हणे."

हे तिनं मायेनं म्हटलं की टोचून, मंगलाला अजून कळलेलं नाही. तिनं रेश्माच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं, पण तिथं जाग्रण आणि थकवा याखेरीज काही नव्हतं. ती नुसती मान हलवून बसून राहिली. अंबूताईला नेलं, तेव्हा ती बायकांबरोबर दारापर्यंत गेली, आणि तिला एकाएकी रडू फुटलं. एकदाच बोललेल्या बाईसाठी इतकं रडू कुठून आलं, याचाही तिला उलगडा होईना.

संध्याकाळी ती घरी आली ती ओल्या केसांनी, आणि देवघराकडं न जाता बाहेरच्या खोलीत बसली. वहिनीच्या नजरेतून घरातला चमचा सुटत नाही, हे कुठं सुटणार?

"वन्सं, उद्या देवक बसायचंय आणि तुम्ही पाहुणीसारख्या इथं काय बसलाय? आत चला, आहेराचं लावायचंय."

"मी नको हात लावायला."

"का?"

"नको."

"नको म्हणजे? बरं नाही का? दिवसभर होता कुठं? केस का ओले?"

शंकरअण्णा, रोहित, वैशाली, सगळे एकेक करून दारात आले. गप्प बसायचं ठरवूनच मंगला आली होती. पण आयुष्यभर ज्या बाईनं लोकांना सांगायचंच काम केलं, तिला न सांगण्याची सवय कुठून असणार?

"कमरीपेठेत आपल्या भावकीतली एक म्हातारी गेली आज," ती म्हणाली. "अप्पाजींच्या घरातली. ते लहानपणी गेले नव्हते. आपल्याला सुतक आहे."

रेश्माच्या लग्नाचं तिनं मुद्दाम सांगितलं नाही. रविवारी बोहल्यावर चढणाऱ्या पोरीसमोर ते काढायचा तिला धीर झाला नाही. रेश्माचं नावही तिनं घेतलं नाही.

वहिनी एकदम भडकली.

"देवा रे! हे आजच सुचलं तुम्हाला? एकदा ठरलेलं मोडलंय पोरीचं. दोन वर्षं लोकांनी काय काय बोलून घेतलं ते मी ऐकलंय, तुम्ही नाही. जावई सिंगापूरहून चार दिवसांसाठी आलाय. आता दहा दिवस थांबा म्हणून सांगू? ते थांबतील?"

"वहिनी, मी काय मुद्दाम..."

"मुद्दामच! गावाच्या चुली धुंडाळायच्या, तर धुंडाळा. आपल्या चुलीत पाणी कशाला ओतायचं?"

रोहितचं डोकं नेहमी दुकानासारखं चालायचं. "आई, ओरडू नको. पुरावा काय आहे, आत्या? कागद आहे?"

"नाही."

"कुणी सांगितलं?"

"त्याच बाईनं."

"जी गेली ती! मग झालं तर. खटाव गावातून आलेले सगळेच खटावकर. आपण ऐकलंच नाही काही. उद्या सकाळी देवक बसलं की मग सुतक आलं तरी लग्नाला लागत नाही, हे तूच सांगत असतीस ना? मधली एक रात्र आहे. गप्प बसलं की झालं."

त्याचं शास्त्र बरोबर होतं, हीच अडचण होती. मंगलानं अण्णाकडं पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता.

"एका गावचे खटावकर शंभर असतात," तो म्हणाला. "झोपा आता सगळे." आणि आत निघून गेला.

वहिनीनं तेवढ्यात बाळाचार्यांना फोन लावला. हे घरचे पुरोहित, धारवाडचे. वहिनीनं "आचार्य, एक विचारायचं होतं, समजा लांबच्या..." एवढं म्हटलं मात्र, पलीकडून आवाज आला, "अक्का, अक्का, समजा-बिमजा मला काही सांगू नका. मी ऐकलं की मला उत्तर द्यावं लागेल. सकाळी सातला येतो. तयारी ठेवा." आणि फोन बंद.

वैशाली तेवढी मंगलाजवळ थांबली. लहानपणी ती याच आत्याच्या मांडीवर बसून नात्यांची कोडी सोडवायची.

"आत्या, खरं सांग. ते खरंच आपले आहेत?"

"मला तसं वाटतं."

"वाटतं म्हणजे? तू तर नेहमी म्हणतीस, वाटण्याला किंमत नाही, दाखवा."

"दाखवायला काही नाही गं माझ्याकडं. ती बाई बोलली आणि मला पटलं. आता मलाच कळेना, खरं होतं म्हणून पटलं, की मला पटवून घ्यायचं होतं म्हणून."

"मग बोललीस कशाला?" वैशालीचे डोळे भरून आले. "कळलं होतं तर एक दिवस गिळायचं होतंस. माझ्यासाठी. आता मी उद्या तिथं बसणार आणि माझ्या डोक्यात ती म्हातारी असणार."

मंगलानं तिचा हात धरायला हात पुढं केला आणि सुतक आठवून मागं घेतला. वैशालीला ते दिसलं. ती उठून गेली. मंगलाला त्या क्षणी स्वतःचा, अंबूताईचा, आजोबांचा, सगळ्यांचाच राग आला. आपण गप्प बसलो असतो तर पोरगी सुखानं झोपली असती, हे तिला शंभर टक्के पटत होतं. आणि गप्प बसलो असतो तर आपल्याला झोप लागली नसती, हेही पटत होतं. दोन्ही कसं पटत होतं, कुणास ठाऊक.

शुक्रवारी सकाळी अंगणात पाट मांडले गेले. दाराला तोरण, सनईची कॅसेट, जवळचे पाहुणे. वहिनी भरजरी लुगड्यात, रात्रभर रडल्याचं पावडरीखाली लपवून. काल घरात जे झालं ते झालंच नव्हतं, असं सगळे इतक्या हुशारीनं वागत होते की मंगलाला क्षणभर शंका आली, खरंच झालं होतं ना? ती मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडापाशी उभी राहिली. तिथून अंगण दिसत होतं आणि कुणाला शिवायचा प्रश्न नव्हता. एका मावशीनं "तू का लांब?" म्हणून विचारलं, तर वहिनीनंच परस्पर सांगितलं, "पाय दुखतोय त्यांचा."

बाळाचार्य आले, बसले, आचमन झालं. शंकरअण्णा सोवळं नेसून पाटावर बसला, बोटात दर्भाचं पवित्रक चढलं. वैशाली मागं उभी होती, बांगड्यांचा आवाज न करता.

आचार्यांनी पोथी उघडता उघडता, आजवर हजार घरांत विचारलं असेल तसं, मान खाली घालून विचारलं, "घरात सोयर-सुतक काही नाही ना?"

"काही नाही," वहिनी म्हणाली.

"अक्का, यजमानांनी सांगायचं असतं." आचार्यांनी अजून मान वर केली नव्हती. "शंकरराव?"

शंकरअण्णा बोटातलं पवित्रक फिरवत राहिला. रोहित पुढं सरकून म्हणाला, "बाबा, नाही म्हणा की." सनई वाजतच होती. मंगलाच्या मनात आलं, म्हण बाबा एकदा नाही, सोडव सगळ्यांना. तिला खरंच तसं वाटलं. आणि त्याच वेळी तिला भीती वाटली, की हा आता नाही म्हणणार.

"आहे," शंकरअण्णा म्हणाला.

आचार्यांनी पोथी मिटली आणि पहिल्यांदा वर पाहिलं. "कोण?"

"काल माझी काकू गेली. कमरीपेठेत."

"अहो!" वहिनीनं तोंडावर हात घेतला. "कुणाची काकू? त्या कोण आपल्या? पोरीचं काय करताय तुम्ही!"

"काकूच ती माझी," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज दुकानात भाव सांगताना असतो तेवढाच होता. त्यानं बोटातलं पवित्रक काढून ताम्हनाशेजारी ठेवलं आणि पाटावरून उठला. गुडघे धरून उठायला त्याला वेळ लागला, आणि कुणी हात दिला नाही. कुणीतरी सनई बंद केली.

"बाबा," वैशाली म्हणाली. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पायांकडं पाहिलं. पासष्टीचा माणूस, उघड्या अंगानं, सगळ्या पाहुण्यांत एकटाच उभा. वैशालीनं रोहितच्या हातातला फोन ओढून घेतला.

"पुण्याच्या लोकांशी मी बोलते," ती म्हणाली. "तुम्ही कुणी नको." तिचा आवाज फाटला होता, पण ती नंबर काढत आत गेली, आणि वहिनी रडत तिच्यामागं धावली.

पाहुणे आपसात कुजबुजायला लागले. रोहित आचार्यांना काहीतरी तोडगा विचारत होता आणि आचार्य नुसतीच मान हलवत होते. या सगळ्यातून वाट काढत शंकरअण्णा सोवळ्यावरच सदरा अडकवून मागच्या अंगणात आला. मंगलाला वाटलं, हा आता आपल्यावर हात उगारणार. लहानपणी एकदा उगारला होता.

"चप्पल घाल," तो म्हणाला. "कमरीपेठेत जाऊ. रेश्मा एकटी असेल तिथं."

मंगलानं चप्पल घातली. फाटकाची कडी काढताना तिचा हात तसाच थांबला. हे नाव तिनं घरात कुणापाशीही घेतलं नव्हतं.